आमच्या दारावरची चुन्याची खूण

९ जानेवारी १९६७, सोमवार

नळगंगेपलीकडच्या वस्तीवर देवी निघाल्या. तीन मुलांना आल्या, एक गेलं. बातमी पंचायत समितीकडून नाही, दळण घेऊन आलेल्या बाईकडून कळली. सरकारी कागद बैलगाडीने येतो आणि रोग पायी येतो, तरी रोग आधी पोचतो.

ह्यांना सांगितलं. हे म्हणजे इथले आमदार रंगराव. सध्या निवडणुकीच्या धामधुमीत आहेत. जीपमध्ये चढता चढता म्हणाले, "मास्तरीणबाई, गाव तुझं. काय करायचं ते कर." मी कधी मास्तरीण नव्हते. अमरावतीच्या कॉलेजातून बी.ए. झाले एवढंच, त्यालाही एकतीस वर्षं झाली. पण लग्न झाल्यापासून हे मला त्याच नावाने चिडवतात.

बुलढाण्याला चिठ्ठी पाठवली. गुरुवारी देवी टोचणारा माणूस येईल. धामणखेडमध्ये पाच वर्षांखालची दोनशे चौदा मुलं आहेत. यादी महिला मंडळाने केली आहे. एकही सुटता कामा नये.

मला भीती वाटते. हे इथे लिहिते, कारण बोलून दाखवायला दुसरी जागा नाही. आमदाराच्या बायकोने घाबरायचं नसतं. माझा धाकटा भाऊ मधू पाच वर्षांचा असताना देवीने गेला. मी आठ वर्षांची होते. घरात फोडणी बंद, केस विंचरणं बंद, दाराला कडुलिंब. डॉक्टर चार घरं सोडून राहत. त्यांना कोणी बोलावलं नाही. आई म्हणायची, माय पाहुणी आली आहे, पाहुणीला हाकलायचं कसं? दहाव्या दिवशी पाहुणी मधूला घेऊन गेली. त्या खोलीचा वास मला अजून येतो.

१२ जानेवारी, गुरुवार

उकंडराव नावाचा देवी टोचणारा सायकलवर आला. बारीक, लाजरा, डोक्याला मफलर. पत्र्याच्या पेटीत लस. हातावर लसीचा थेंब ठेवायचा, त्यावर दातेरी चकती टेकवून गर्रकन फिरवायची. मूल किंचाळतं, आई त्याहून मोठ्याने. दिवसभर मी त्याच्याबरोबर होते, क्षणभरही हलले नाही. ज्या घरचं काम पुरं होईल त्याच्या दारावर चुन्याची खूण.

खालच्या आळीत कौशल्याबाई दार अडवून उभी.

"मुलं कुठे आहेत?"

"मामाच्या गावाले गेली."

"आणि मामा?"

"मामा इकडं येऊन राह्यला नं, संक्रांतीले."

उकंडराव हसला. मी नाही. कौशल्याबाईला म्हटलं, "मुलं परत आली की माझ्याकडे आणायची. नाहीतर मंडळाच्या शिवणवर्गात तुझं नाव राहणार नाही." ती मान खाली घालून उभी राहिली. अशा बायकांना प्रेमाने सांगून उपयोग नसतो, हे मी वीस वर्षांत शिकले आहे.

निम्मं गाव झालं. गुलजारच्या सायकल दुकानासमोर दोन बायकांचं भांडण सोडवावं लागलं. माझी चप्पल तुटली.

१३ जानेवारी, शुक्रवार

काम संपलं. आजही दिवसभर उकंडरावबरोबरच फिरले. एकशे त्र्याऐंशी मुलांना टोचलं. उरलेली एकतीस आजोळी. संक्रांतीला इतकी मुलं आजोळी जातात हे मला नवीनच कळलं. उकंडरावला म्हटलं, आठवड्याभराने पुन्हा या. तो म्हणाला, पुढच्या महिन्यापर्यंत त्याला तीन गावं दिलेली आहेत.

संध्याकाळी शेवटी आमच्या घराशी आलो. उकंडराव फाटकाबाहेरच चपला काढून उभा राहिला. "बाईसाहेब, आपल्या घरचं..." म्हणाला आणि थांबला. मी म्हटलं, "माझ्या घरचं मी बघते." कुंचला त्याच्या हातातून घेतला आणि दारावर खूण केली. बाकी गावात एकेका खुणेसाठी घसा कोरडा केला. इथे मीच केली.

सूनबाई कोकिळा म्हणाली, शालूचं सकाळीच झालं, तुम्ही खालच्या आळीत होता तेव्हा. दंडाला फडकं बांधलेलं होतं. शालू साडेचार वर्षांची, रडलीसुद्धा नाही म्हणे. शहाणी आहे. यादीत तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली. मुलगा नागपूरला वकिली करतो, त्याला तसं पत्र लिहिलं.

घरातल्या शिस्तीकडे मात्र दुर्लक्ष झालं. चार शेर दूध दोन दिवसांत कसं संपलं याचा रुखमाबाईला हिशेब देता आला नाही. पंचवीस वर्षं आमच्या स्वयंपाकघरात आहे, पण उत्तर म्हणून नुसती भाकऱ्या थापत बसली. टोपलंभर भाकऱ्या. म्हटलं, "एवढ्या कोणाला?" म्हणाली, "प्रचाराचे लोक येतीन नं, बाईसाहेब." एकही आला नव्हता.

१४ जानेवारी, शनिवार

संक्रांत. तिळगूळ घ्यायला गावातली मुलं आली. निम्म्या मुलांच्या केसांत कापूस. आया सणासुदीलाही मुलांचे केस विंचरत नाहीत. पाचसहा जणींना चारचौघांत बोलले. शालूच्याही वेणीत सरकी अडकली होती. कोकिळाला सांगितलं, मागच्या खोलीत यंदाचा कापूस आहे, तिकडे तिला खेळायला जाऊ देऊ नका. खोलीची किल्ली रुखमाबाईकडे असते, तिलाही बजावलं.

रुखमाबाईने दुपारी सुटी मागितली, लेकीकडे जाऊन येते म्हणून. तिची लेक नदीपलीकडे दिली आहे. मी म्हटलं, तिकडे आजार आहे, दारातूनच परत ये. जाताना पाठीवर मोठं गाठोडं होतं. जुनी गोधडी असावी. फार जपून नेत होती.

१९ जानेवारी, गुरुवार

फातिमाबी मणियारीण बांगड्या घेऊन आली. रविवारी, २९ तारखेला आमच्याकडे हळदीकुंकू. तालुक्यातल्या तीनशे बायका येणार, मुलांना घेऊन. पुरुषांच्या सभेला येतात ती माणसं मतं देतीलच असं नाही. हळदीकुंकवाला आलेली बाई मात्र घरी जाऊन नवऱ्याला सांगते. हे मला ह्यांच्या पहिल्या निवडणुकीपासून माहीत आहे. वाण म्हणून पितळी करंडे आणवले आहेत.

फातिमाबी माझा हात दाबत बांगडी चढवत होती. दाराकडे पाहून म्हणाली, "बाई, निशान बढिया है. किसने किया?"

"मी."

"अंदर कौन गया था देखने?"

"माझ्या घरात काय पाहायचं?"

ती हसली आणि दुसऱ्या हाताला लागली. जरा जास्तच बोलते. जानरावाला, म्हणजे ह्यांच्या प्रचाराच्या मुख्य माणसाला, सांगायला हवं की तिच्या मोहल्ल्यात लक्ष ठेव.

नदीपलीकडे आणखी चार मुलांना देवी आल्या. इकडे काही नाही. तरी रोज सकाळी उठले की आधी भीती, मग आठवतं कशाची.

२६ जानेवारी, गुरुवार

शाळेत माझ्या हस्ते झेंडावंदन. बुलढाण्याहून आलेल्या अधिकाऱ्यांनी भाषणात आमच्या गावाचं नाव घेतलं. आजार चार मैलांवर असून धामणखेडमध्ये एकही रोगी नाही, याचं श्रेय आमदारसाहेबांच्या घरच्यांना, असं म्हणाले. मी उठून सांगितलं, श्रेय शिस्तीचं. टाळ्या झाल्या. हे कधी नव्हे ते माझ्याकडे बघून हसले.

बालवर्गातली नऊ मुलं गैरहजर. गुरुजी म्हणाले, थंडीचा ताप आहे. राष्ट्रीय सणाच्या दिवशी पालकांनी असं करावं हे बरं नाही.

शालूला कालपासून ताप आहे. पाठ दुखते म्हणते. दोनदा उलटी. थंडीच आहे. गुरुजींनीही तेच सांगितलं.

कोकिळा तिच्याजवळून उठत नाही. मी खोलीत गेले की मध्ये येते.

२७ जानेवारी, शुक्रवार

जे झालं ते क्रमाने लिहिते.

दुपारी कोकिळा आंघोळीला गेली तेव्हा शालूजवळ बसले. ताप उतरला होता, म्हणून मला जरा बरं वाटलं होतं. तोंडावर, मनगटावर लाल पुटकुळ्या. मी तिच्या दंडाचं फडकं सोडलं. दंड कोरा. खपली नाही, वण नाही. लोण्यासारखा साफ दंड.

शालू जागी झाली. माझ्याकडे बघून घाबरली आणि भराभर म्हणाली, "आजी, मी आवाज नाही केला."

"कसला आवाज?"

"रुखमा म्हणाली, आजी आली की सगळ्यांनी गप बसायचं. मी कापसात शिरून बसले. गंगू रडली, मी नाही."

कापूस. दूध. भाकऱ्या. तुम्ही खालच्या आळीत होता तेव्हा, असं कोकिळा म्हणाली, आणि त्या दोन्ही दिवशी उकंडराव माझ्या हाताच्या अंतरावर होता. हे मी माझ्याच अक्षरात या वहीत लिहिलं आहे. वाचलं कोणी?

कोकिळा ओल्या केसांनी दारात उभी. "आत्याबाई, माझ्या बहिणीच्या मुलाचा हात टोचून पिकला होता. महिनाभर तळमळला. मला धीर झाला नाही."

"मला सांगायचं होतंस."

"तुम्ही ऐकलं असतं?"

मी दंडाचं फडकं घडी करून उशाशी ठेवलं.

रुखमाबाईला बोलावलं. ती जमिनीवर बसली, डोळे न चोरता सगळं बोलली. "बाया माह्याकडं आल्या. म्हने, गावात घरोघर पाह्यतीन, बाईच्या घरात कोन पाह्यते? मी खोली उघडून देल्ली. दोन दिस लेकरं तठीच होती. माह्या लेकीनं नातीले इकडं आणून सोडलं होतं, तिकडं माता निघाली म्हनून. तिचं आंग गरम लागे. मले वाटलं सर्दी असन. चेहऱ्यावर दिसाले लागलं तशी गोधडीत बांधून नेली."

"गंगू?"

"हाव. हाय जित्ती."

एकतीस मुलं, शिवाय माझी एक, आणि तापलेली गंगू, एका बंद खोलीत दोन दिवस. त्या खोलीला मी बाहेरून खूण केली. म्हणजे मामाच्या गावाला कोणी गेलंच नव्हतं. सगळी माझ्याकडे होती.

रुखमाबाईला सांगितलं, आत्ताच्या आत्ता घर सोड. ती उठली आणि गेली. लुगड्यांचं गाठोडंही नेलं नाही.

२८ जानेवारी, शनिवार

हे सकाळी चिखलीकडून आले, बरोबर जानराव. ह्यांनी दारातूनच शालूकडे पाहिलं आणि टोपी काढली.

जानराव मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाईसाहेब, उद्या तीनशे बाया येऊन राह्यल्या. पोरीले आजच मळ्यातल्या घरी हलवू. दोन दिस कोनाले कळत नाई. उद्या हळदीकुंकू मोडलं तर विरोधी लोक काय म्हनतीन? आमदाराच्या घरावर मातेचा कोप झाला म्हनतीन. एक एक गाव हातचं जाईन."

इथे खोटं लिहिणार नाही. मी अर्धा तास त्याच्या म्हणण्याचा विचार केला. मळ्यातलं घर मोठं आहे, विहीर आहे. शालूला झाकून नेता आलं असतं. करंडे रांगेने मांडून ठेवलेले दिसत होते. मनात म्हटलं, ती नऊ मुलं खरंच थंडीने पडली असतील. मला कोणीतरी 'ने' किंवा 'नेऊ नको' म्हणून सांगायला हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा.

ह्यांना विचारलं. हे खुर्चीत बसून टोपी फिरवत होते. म्हणाले, "तू म्हणशील तसं."

मला संताप आला. "तीस वर्षं मी म्हणेन तसंच चाललं, म्हणून ही वेळ आली!"

हे शांतपणे म्हणाले, "मग आज पहिल्यांदा घाबरून सांग. मलाही भेव वाटून राह्यलाय. दोघं मिळून घाबरू." आणि जानरावाला, "जानराव, जीप बुलढाण्याला ने. डॉक्टरला घेऊन ये. मास्तरीणबाई चिठ्ठी देतील."

चिठ्ठी लिहिली. 'माझ्या घरात देवीचा रोगी आहे.' चार ओळी. तीनदा फाडून लिहिल्या.

जानराव जाताना पुटपुटला, "पाच वर्षांची मेहनत एका चिठ्ठीत." ह्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

डॉक्टर घाट उतरून तीन वाजता आले. शालूला आणि गावातल्या नऊपैकी सहा जणांना देवीच. उरलेल्यांचं दोन दिवसांत कळेल. ज्यांच्या अंगात आधीच शिरलं त्यांना आता टोचून फारसा उपयोग नाही म्हणाले, पण त्यांच्या घरच्यांना, शेजाऱ्यांना, सगळ्या गावाला पुन्हा टोचायचं. त्यासाठी त्या खोलीत कोणकोणती मुलं होती ते कळायला हवं. माझ्या यादीवर विश्वास ठेवता येणार नाही, असं त्यांनी अगदी सभ्यपणे सांगितलं.

२९ जानेवारी, रविवार

पहाटे उठून फाटकाला कडुलिंबाच्या डहाळ्या मी स्वतः बांधल्या. मधूच्या वेळी आईने बांधल्या होत्या, तेव्हापासून मला त्या झाडाचा तिटकारा आहे. पण वऱ्हाडात सरकारी पाटी कोणी वाचत नाही. डहाळी मात्र लांबून वाचतात.

नऊ वाजल्यापासून बैलगाड्या येऊ लागल्या. जरीची लुगडी, नथी, कडेवर मुलं. डहाळी दिसली की गाडी जागीच थांबे. हे फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून म्हणत, "घरात माय आली आहे. परत फिरा. मुलांना टोचून घ्या." मत मागायला जोडतात तसेच हात, पण आवाज निराळा. एक म्हातारा गाडीवान म्हणाला, "साहेब, मत देऊ, पर फाटकातून आत नाई येत." हे म्हणाले, "मत नको देऊ बे, लेकराला टोच."

गावातल्या बायका मात्र पारासमोर जमल्या. मी पाराच्या पायरीवर उभी राहिले. भाषणाची सवय आहे, पण हे भाषण नव्हतं.

म्हटलं, "माझ्या नातीला देवी निघाल्या. तिला टोचलं नव्हतं आणि मी यादीत टोचलं म्हणून लिहिलं. माझ्या दारावर मी आत न बघता खूण केली. कापसाच्या खोलीत ज्यांची मुलं होती त्यांची नावं मला हवीत. शिक्षा करायला नाही. त्यांच्या घरच्यांना वाचवायला."

कोणी हलेना. मला वाटलं, संपलं. या बायका आता मरतील पण नाव सांगणार नाहीत. आणि तसं त्यांना मीच शिकवलं आहे.

मग मागून फातिमाबी पुढे आली. "मेरा पोता था, बाई. हामिद. मैने खुद छोडा था." माझ्याकडे बघत म्हणाली, "पूछा था ना मैने, अंदर कौन गया था देखने?"

"हो. विचारलं होतंस."

तिच्यामागून एकेक. कोणी नाव सांगे, कोणी नुसतं बोट. दुपारपर्यंत अठ्ठावीस नावं झाली. तीन राहिली. जमलेल्या बायकांत कौशल्याबाई नव्हती. कोणीतरी म्हणालं, तिची पोरगी फणफणली आहे, ती घरातून बाहेर पडत नाही.

करंडे तसेच मांडलेले आहेत.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

कौशल्याबाईची मुलगी सकाळी गेली. तीन वर्षांची. विमल.

मी गेले. लोकांनी वाट दिली. कौशल्याबाई भिंतीला टेकून बसली होती, रडत नव्हती. मी काय बोलावं ते ठरवून गेले होते, ते बाजूला ठेवलं. तिच्याजवळ जमिनीवर बसले.

मग ती म्हणाली, "मले मातेचा भेव नव्हता वाटला, बाई. सुईचा बी नाई. तुमचा वाटला."

"माझा?"

"तुमी म्हनल्या, शिवणवर्गातून नाव काढीन. मंग मी आणखीनच लपवली. आता कसं सांगू, निघालं होतं तोंडातून, मामाच्या गावाले गेली म्हनून."

तिथून उठून घरापर्यंत कशी आले ते आठवत नाही. शालूचं अंग आता पुवाने भरलं आहे. डोळे बंद. तिला स्पर्श केला तर ती ओरडते, न केला तर पाणी मागते. डॉक्टर म्हणाले, पुढचे चार दिवस काही सांगता येत नाही. कोकिळाला तापासारखं वाटतंय, बहुधा जागरणाने. मी एकटी पुरणार नाही.

रुखमाबाईकडे निरोप पाठवला. ती लहानपणी देवीतून उठलेली, तिच्या तोंडभर वण आहेत. तिला पुन्हा होत नाही.

ती तासाभरात आली. दारात थांबून म्हणाली, "येऊ काय?"

मी म्हटलं, "ये." एवढंच. माफी मागणं मला जमत नाही. तिने पदर खोचला आणि शालूच्या उशाशी बसली. "बाईसाहेब, आता तुमी जरा उठा. तुमी जवळ बसल्या का पोरगी आंग आकसून घेते."

खरं होतं. मी बाहेर येऊन बसले.

८ फेब्रुवारी, बुधवार

शालूने उजवा डोळा उघडला. रुखमाबाईला म्हणाली, "आजी गेली का?" रुखमाबाई म्हणाली, "भाईर हाय. बोलावू?" मी दाराआड होते. शालूने दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "तिला म्हणावं, मी लपले नाही. इथेच आहे."

आत गेले. खूप भीती वाटत होती, तरी गेले. तिने माझं बोट धरलं.

गावात एकूण चौदा मुलं. दोन गेली. विमल आणि वरच्या आळीतलं एक तान्हं. हामिद उठून बसू लागला. नवीन रोगी पाच दिवसांत नाही. कोकिळाचा ताप जागरणाचाच होता, उतरला.

जानराव प्रचाराला गेला की लोक निवडणुकीचं कमी आणि देवीचं जास्त विचारतात म्हणे. चांगलं की वाईट ते त्याला कळत नाही. मलाही नाही.

२० फेब्रुवारी, सोमवार

मतदान झालं. निकाल दोनतीन दिवसांत. हे सकाळपासून बागेत कुदळ घेऊन उगीच माती उकरत आहेत. मला विचारलं, "पडलो तर?" म्हटलं, "तर शालूला शाळेत पोचवायचं काम तुमचं." म्हणाले, "ते तर निवडून आलो तरी करणार."

शालूच्या खपल्या गळल्या. तोंडावर वण राहतील. डावा डोळा जरा पांढरट दिसतो, डॉक्टर म्हणतात पुढे पाहू. ती आरशात बघत नाही, पण रुखमाबाईच्या तोंडावरचे वण बोटाने मोजते आणि म्हणते, "माझे तुझ्यापेक्षा कमी."

दुपारी कौशल्याबाई आली. शिवणवर्ग आजपासून पुन्हा सुरू झाला. मी तिला बोलावलं नव्हतं, बोलवायचा मला धीर झाला नव्हता. ती आपली नेहमीच्या जागी बसली. मी तिच्यापुढे कापड ठेवलं. तिने सुई ओवली.

चारच्या सुमारास उकंडराव आला. डॉक्टरांनी गावात तिसरी फेरी लावली आहे. या वेळी घरोघर मी गेले नाही. फातिमाबी गेली आणि वरच्या आळीतल्या दोघी. मी पाणी आणि कापूस पुरवला. उकंडराव शेवटी आमच्या घराशी आला. रविवारी मी दारावरची जुनी खूण पाण्याने धुतली होती. चुना निघाला, पण लाकडावर पांढुरका डाग राहिला आहे.

त्याने फाटकाबाहेर चपला काढल्या. मफलर नीट केला. कोकिळाला, मला, ह्यांना पुन्हा टोचलं. मग कुंचला चुन्यात बुडवून माझ्याकडे पुढे केला. "बाईसाहेब, खूण आपणच..."

माझा हात पुढे गेला होता. तो मी मागे घेतला.

म्हटलं, "आधी आत या, उकंडराव. सगळ्या खोल्या बघा. मागची कापसाचीही. रुखमाबाई, किल्ली दे त्यांना."

तो गोंधळला. ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी कुदळ टाकली आणि पुढे होऊन दार पूर्ण उघडलं. उकंडराव अंग चोरून आत शिरला. त्याच्या मागे फातिमाबी, न विचारता.

मी बाहेर पायरीवर उभी राहिले. आतून एकेक दार उघडल्याचा आवाज येत होता. शेवटी कापसाच्या खोलीचं कुलूप. कापूस नेऊन आठ दिवस झाले, खोली रिकामी आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी फातिमाबी बाहेर येऊन "कोई नहीं, बाई" म्हणेपर्यंत मी पायरीवरून हलले नाही.